भाऊजी, जरा हळू

तराजूचा शोधही लागला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका सशाच्या डोक्यात मेंदूचे निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या दोन नसा राहायच्या, सख्ख्या जावांसारख्या. थोरली मानेतल्या रक्ताचा दाब बघायची. धाकटी थेट छातीत उतरून हृदयाच्या, म्हणजे दिराच्या, पाठीवर हात ठेवायची.

एकदा कोल्हा मागे लागला. ससा करवंदीच्या जाळीत शिरला, कोल्हा कंटाळून निघूनही गेला, तरी हृदय आपलं धडधडतंच आहे. सशाला घेरी येऊ लागली.

थोरली म्हणाली, "अगं, मानेत रक्त उसळतंय. भाऊजींना आवर, नाहीतर ससा हातचा जाईल."

धाकटीने हात ठेवला. हृदय फणफणलं, "वहिनी, जीव मी वाचवला आणि मलाच अडवता?"

"वाचवलात ना, मग आता त्याला जगू द्या की. कोल्हा केव्हाच गेला, तुम्ही एकटेच पळताय."

हृदय ओशाळलं, हळू झालं. सशाचे डोळे निवळले.

"आणि कोल्हा परत आला तर?"

"तर मी हात उचलेन. खुशाल धावा."

संध्याकाळी ससा हरभऱ्याच्या शेतात चरत असताना पानं सळसळली. धाकटीने हात उचलला, हृदय उधळलं. बघतात तर नुसता वारा. तिघंही हसत सुटली.

"वहिनी," हृदय म्हणालं, "हात ठेवा बघू लवकर. हरभरा कोवळा आहे."