आईच्या मनगटावरचं घड्याळ

"...मग तिचाच दिवा कोनाड्यात का, बुवा? माझं घड्याळ कुठंय?"

निरंजनचा आवाज चढला होता. नरहरबुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत होते.

"तुझं घड्याळ पेटीत आहे. सुती फडक्यात. जपून ठेवलंय."

बुवांना भेटायला आलेला मी पलीकडे बसलो होतो, मला हसू आलं. आमचं रेडिओ-मोबाइलचं दुकान. मुलं आईबापांसाठी भारीतला फोन नेतात, आणि म्हातारी माणसं तो असाच फडताळात जपतात. चांगल्या वस्तूला कुणी रोज हात लावतं का!

निरंजन आणि मृदुला, दोघंही बुवांच्या मठात राहून शिकलेली. दोघंही आता म्हाताऱ्या माणसांसाठी हुशार यंत्रं बनवतात. तालुक्याचा ज्येष्ठ नागरिक संघ दोघांपैकी एकाचंच यंत्र घेणार होता, तेही बुवा सांगतील त्याचं. निरंजनला तेवढा एक शब्द हवा होता.

"माझं घड्याळ नाडी बघतं, झोप बघतं, माणूस पडला तर मुलाला कळवतं. आणि तिचा नुसता दिवा! मूल बाहेरगावी सुखरूप पोहोचलं की घरी लागतो. बस्स. ह्याला काय अक्कल लागते?"

"नसेल लागत."

"तुमची पहिल्यापासून तीच लाडकी."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. 

तेवढ्यात निरंजनचा फोन थरथरला. त्याने तो बुवांपुढे धरला.

"हे बघा! आईच्या हातातलं घड्याळ सांगतंय, ती सकाळपासून जागची हललेली नाही. ती तिकडे कराडला, आणि मला इथं मठात बसून कळतंय. जमेल मृदुलाच्या दिव्याला?"

"का हलली नाही?"

"ते... घड्याळ नाही सांगत. हट्टीच आहे ती. चाल म्हटलं तरी चालत नाही."

"तू निघताना काय म्हणाली?"

"काय म्हणणार! पोहोचलास की फोन कर."

"मग?"



निरंजनने आईला फोन लावला. घंटा पुरती वाजलीसुद्धा नाही.

"पोहोचलास का रे? ...बरं. मग आता दोन घास खाते."

पलीकडे बसलेल्या मलाही ऐकू आलं. लगेच फोन पुन्हा थरथरला. आई उठली होती. घरात चालत होती.

निरंजन त्या पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं, निवला. पण मत्सर इतक्यात कुठला जातोय! शेजारच्या दुकानात गर्दी दिसली की माझाही चहा कडू होतो.

"म्हणजे... संघाला तुम्ही मृदुलाचंच नाव सांगणार."

बुवांनी त्याचं मनगट हातात घेतलं. रिकामं होतं. वैद्य नाडी बघतो तसं अंगठ्याने दाबून बघितलं...

"आईच्या हातातलं घड्याळ काढ," ते म्हणाले. "तू घाल. तुझं तिला कळू दे."