थोरलीची खरखर

दुपारी मालक जेवायला गेला की दुकानातली वाद्यं आपापसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. मिरजेच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जुनी इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती. ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजलेली, म्हणून सगळे तिला थोरली म्हणत. पोटातली वायर सैल झाल्यानं तिच्या प्रत्येक सुरामागे खरखर यायची, आणि महिना झाला तरी मालकाला सवड होत नव्हती.

शेजारी नवी डिजिटल गिटार आली होती. "मावशी, बटण दाबलं की मी पंचवीस गिटारींचे आवाज काढते! असं आजवर कुणी केलं नव्हतं."

सकाळपासून हे सहाव्यांदा ऐकून थोरलीचं डोकं उठलं. "सगळं दुसऱ्यांचंच ना? तुझं स्वतःचं काहीतरी ऐकव."

"त्याचं बटण नाही," नवी गोंधळून म्हणाली. "पण सकाळी मालकानं तुम्हाला वाजवलं, ते शिकलेय. ऐका!"

आवाज हुबेहूब थोरलीचा होता. मागची खरखरसुद्धा.

"अगं बये, ती कशाला उचललीस?" थोरली कडाडली. "ते माझं दुखणं आहे!"

तेवढ्यात मालक गिऱ्हाईकाला घेऊन आला. गिऱ्हाईकानं नवीचं नेमकं थोरलीच्या आवाजाचंच बटण दाबलं आणि डोळे मिटले. "वा! ही खरखर म्हणजे अस्सल जुना बाज!"

तोवर मालकानं अखेर सवड काढून थोरलीला खाली उतरवलं होतं, पाठ उघडायला स्क्रू-ड्रायव्हरही घेतला होता. तो त्यानं परत खणात टाकला.

"मग राहू दे हिची तशीच," तो म्हणाला.