श्रीपतीनं मेल जोडला त्याची गोष्ट

आजऱ्याच्या पलीकडं एका गावात एक भोळा गडी राहत होता. नाव श्रीपती चौगुले. भोळा म्हणजे किती, तर शाळेत एकदा गुरुजी त्याला म्हणाले होते, "मी सांगेपर्यंत जागचा हलू नकोस." गुरुजी विसरून घरी गेले. दिवेलागणीला आई त्याला ओढत घरी घेऊन निघाली, तेव्हाही हा म्हणत होता, "आये, गुरुजी रागावतील गं!"

मोठेपणी तो गावच्या दूध डेअरीत कारकून झाला. आपण हुशार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. उलट लोकांच्या आधी तोच सांगून टाकायचा, "आमचं डोकं देवानं टोपी अडकवायला दिलंय."

तर या श्रीपतीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगी गडहिंग्लजच्या दत्ताजीराव पोवारांची रेवती. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी. मुलगी बघायला जाताना आईनं बजावलं, "पुढ्यात येईल ते गुमान खा." पोहे खारट झाले होते. श्रीपतीनं गुमान खाल्ले. पुन्हा वाढले, पुन्हा खाल्ले. मागाहून रेवतीनं पोहे चाखून बघितले आणि तिला हा माणूस आवडला.

पण तिची एक अट होती. ती म्हणाली, "फोनवर सगळेच गोड बोलतात. मला तुमच्या हातचा चार ओळींचा मेल पाहिजे."

दत्ताजीराव म्हणाले, "शनिवारपर्यंत मेल आला तर रविवारी सुपारी फोडू. नाही आला तर निपाणीच्या स्थळाला होकार कळवतो."

श्रीपतीचा जीव टांगणीला लागला. त्यालाही रेवती आवडली होती. फार आवडली होती.

आता श्रीपतीचा फोन होता साधा, बटणांचा, आणि डेअरीतला कॉम्प्युटर होता जुनापुराणा. त्यावर वेबमेलचं पान उघडायला गेलं की नुसतं चाक फिरत बसायचं. मग रेवतीनंच तोड काढली. नुसत्या अक्षरांचा एक मेलचा प्रोग्रॅम असतो. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, माऊस नाही. त्यात आपलं वेबमेलचं खातं जोडलं की काम झालं. तिनं तो प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून पाठवला, सोबत सेटिंगचा नमुनाही दिला.

"नमुन्यात आहे तस्संच लिहा हं," ती फोनवर म्हणाली. "एका अक्षराचा फरक नको."

श्रीपतीनं एका अक्षराचा फरक केला नाही. नमुन्यात खातेदाराचं नाव गणपत शिंदे होतं. तेही तसंच लिहिलं. प्रोग्रॅम म्हणाला, असं खातंच नाही.

श्रीपतीनं फोन लावला. "गणपत शिंद्यांचं खातं न्हाई म्हणतोय. त्यांना आधी खातं काढायला सांगू काय?"

"अहो, गणपत शिंदे कुणीच नाही! तो नमुना आहे. तिथं स्वतःचं घालायचं."

"असं व्हय! आमचं डोकं म्हंजे बघा..."

स्वतःचं घालायचं. श्रीपतीनं हे काळजावर कोरून घेतलं. पुढच्या ओळीत सर्व्हरचं नाव होतं, म्हणजे टपाल जिथं साठतं त्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरचं. ते त्यानं खोडलं आणि स्वतःचं घातलं: भैरोबा दूध डेअरी. प्रोग्रॅम बिचारा भैरोबाला शोधत फिरला आणि दमून बंद पडला.

"अहो, सर्व्हर आपला नसतो!" रेवती म्हणाली. "कंपनीनं दिलंय ते तसंच ठेवायचं. हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही. ठीक. श्रीपतीनं सर्व्हरचं नाव पूर्ववत केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. काळ्या पडद्यावर प्रश्न उमटला, पासवर्ड काय? पुढं एक पांढरी खूण लुकलुकू लागली. श्रीपती तिच्याकडं बघत राहिला. दुधाची रांग पार देवळापर्यंत गेली. बायका ओरडायला लागल्या. हा हात उचलेना.

शेवटी रेवतीचाच फोन आला. "झालं का?"

"न्हाई अजून. पासवर्ड मागतोय. मी काय हात लावलेला न्हाई."

"अहो, तिथं लावायचा! पासवर्ड टाईप करा. अक्षरं दिसणार नाहीत, पण आत जातात. काळजी करू नका."

खरंच तसं झालं. अक्षरं दिसली नाहीत, पण आत गेली. खातं उघडलं. श्रीपतीला इतका आनंद झाला की त्यानं रांगेतल्या सगळ्यांना दोनदा रामराम घातला. मग तो रेवतीला मेल लिहायला बसला. बसला आणि गावातली लाईट गेली.

पडदा काळा ठिक्कर. श्रीपती हसला. दिसत नाही, पण आत जातं. त्यानं त्या मेलेल्या कॉम्प्युटरवर चांगला लांबलचक मेल लिहिला. मनातलं सगळं लिहिलं. लिहिताना एका ठिकाणी तर त्याचे डोळे भरून आले.

"मेल पोचला काय?" त्यानं फोनवर विचारलं.

"नाही. तुमच्याकडं लाईट आहे का?"

"लाईट न्हाई. पण आत गेलंय बघा सगळं."

रेवतीला हसू आवरेना. मग ती समजावत म्हणाली, "हे बघा, काहीही टाईप केलं की आधी मोठ्यानं वाचून बघायचं. मगच पुढं जायचं."

मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमनं पुन्हा पासवर्ड विचारला. श्रीपतीनं टाईप केला आणि रांगेला ऐकू जाईल असा खणखणीत वाचला, "चंद्री!" चंद्री म्हणजे त्याची म्हैस.

रांगेत सर्जेराव होता. सर्जेराव म्हणजे गावातला नंबर एकचा टवाळ. पोह्यांची गोष्ट गावभर झालीच होती. त्यानं घरी जाऊन मोबाईलवर श्रीपतीचं खातं उघडलं आणि रेवतीला मेल धाडला: पोहे खारट होते. पुढच्या वेळी शिरा करा.

रेवतीचा फोन आला तो तापलेलाच. "हे तुम्ही लिहिलंत?"

"देवाशप्पथ न्हाई. सर्जेरावाचं काम हाय ते. पासवर्ड मोठ्यानं वाचला तवा त्यो रांगेत हुता," श्रीपती म्हणाला. मग खोटं बोलवेना म्हणून पुढं म्हणाला, "पोहे मात्र खारट हुते."

तिकडनं हसण्याचा आवाज आला.

"श्रीपतराव, नीट ऐका. आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदला. कधी विसरणार नाही असा ठेवा. आणि काही झालं तरी तो शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणी विचारो, पाया पडो. मी विचारलं तरी नाही. कळलं?"

"कळलं."

त्यानं कधी विसरणार नाही असा पासवर्ड ठेवला. मग मेल लिहिला. "माझं डोकं बेताचं आहे. पण तुम्ही सांगाल ते मी ऐकतो. पोहे खारट असले तरी खाईन. तुम्ही मला आवडता." या वेळी लाईट होती. मेल पोचला. रेवतीनं तो वडलांना दाखवलासुद्धा नाही, नुसतं "आला" म्हणाली आणि आत निघून गेली.

रविवारी पोवारांच्या अंगणात माणसं जमली. पाटावर श्रीपती, शेजारी रेवती. सुपारी ताटात ठेवलेली, फोडायला अडकित्ता तयार. तेवढ्यात बायका म्हणाल्या, "सुपारी मागनं फोडा. आधी नवरदेवानं नाव घ्यायचं. उखाणा पाहिजे!"

श्रीपतीनं तोंड गच्च मिटलं.

"अहो घ्या की! लाजताय काय?"

आईनं त्याला चिमटा काढला. तो बोलेना. एक म्हातारी म्हणाली, "पाया पडते बाबा, घे एकदा." त्यानं मान हलवली. नाही.

दत्ताजीरावांचा चेहरा उतरला. "पाव्हणं, पोरीचं नावसुद्धा तोंडात घ्यायचं नसंल, तर सुपारी कशाला फोडायची?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

श्रीपती रडकुंडीला आला. रेवती त्याच्याकडं बघत होती. बघता बघता तिच्या डोक्यात उजेड पडला. ती त्याच्या कानाशी वाकली. "पासवर्ड माझं नाव ठेवलंय?"

श्रीपतीनं तिलाही उत्तर दिलं नाही.

"मग आधी जा आणि तो बदलून या," ती हळूच म्हणाली.

श्रीपती पाटावरनं उठला, गाडीला किक मारली आणि गावाकडं डेअरीत गेला. पाहुणे चहावर चहा पीत बसले. निपाणीच्या स्थळाचा विषय दोनदा निघाला. शेवटी धुळीनं माखलेला श्रीपती परत आला, पाटावर बसला आणि एका दमात म्हणाला,

"चरवी भरली दुधाची, वर आली साय,
रेवतीचं नाव घेतो, आणखी सांगू काय!"

अंगण टाळ्यांनी दणाणलं. दत्ताजीरावांनी डोळे पुसले आणि अडकित्ता उचलला. तोच बायका म्हणाल्या, "आता रेवतीनं घ्यायचं!"

रेवती पदर सावरत उभी राहिली.

"डेअरीच्या दारात दुधाची घागर, श्री..."

श्रीपती ताडकन उठला आणि भर अंगणात त्यानं तिच्या तोंडावर हात दाबला.

सगळे थिजले. दत्ताजीराव ओरडले, "अरे, काय करतोस हे?"

"मामा," श्रीपती काकुळतीला येऊन म्हणाला, "ते मला सांगता येत न्हाई."

रेवतीनं तोंडावरचा हात काढला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाबा, आधी सुपारी फोडा," ती म्हणाली. "ह्यांना परत गावाला जायचंय."