बाईंचा कान

"दात येताहेत, की कान दुखतोय?"

डॉक्टर हुक्केरीबाईंनी हे नव्या डॉक्टर नलवड्यांना विचारलं.

"दात," नलवडे म्हणाले. "दोन्ही कान पाहिले मी. पडदे सारखेच लाल आहेत. मूल रडलं की पडदा लाल होतोच, बाई. पुस्तकात आहे."

होतंच ते पुस्तकात. नलवडे पुण्याहून सुवर्णपदक घेऊन बाईंच्या हाताखाली शिकायला आले होते, आणि पदक अजून गळ्यातून उतरलं नव्हतं.

दीड वर्षाची रंजी आईच्या खांद्याला चिकटून हुंदके देत होती. नलवड्यांनी तिला टेबलावर आडवी करून, हातपाय दाबून तपासलं होतं.

"आडवी केली की किंचाळतीया," तिची आई मालन म्हणाली. "दोन घोट दूध पिती आन् सोडती. थोरल्याचं आसंच झाल्तं. दात म्हनून बसलो, कान वाहत ऱ्हायला... आता हाक मारल्याली ऐकू येत न्हाई त्याला."



गडहिंग्लजच्या पेठेतला तो दवाखाना आता नाही. पण तिथली थंडगार फरशी मला आठवते. आम्हा सगळ्या पोरांचे कान बाईंनी तिच्यावर बसूनच पाहिले. फार आठवण येते त्यांची.

त्या दिवशीही बाई पदर खोचून खाली बसल्या. कानात बघायची बॅटरी त्यांनी रंजीच्या मुठीत दिली आणि आपला कान तिच्यापुढे केला.

रंजी बघत राहिली... मग तिनं बॅटरी बाईंच्या कानाला लावली. हुंदके थांबले.

आईच्या मांडीवरच बाईंनी तिचा आधी उजवा कान पाहिला, मग डावा. उजव्याची लाली ओसरली होती.

"बघ," त्या नलवड्यांना म्हणाल्या.

नलवडे वाकले. डाव्या कानाचा पडदा फुगला होता. मागे पू होता.

बाईंनी रंजीचं वजन करून त्या मापानं औषध दिलं, ठणक्यासाठी वेगळं. "बरं वाटलं तरी औषध पुरं द्यायचं. कानात तेल घालायचं नाही. दोन दिवसांत उतार नाही पडला, तर लगेच घेऊन ये."

"ऐकू यील न्हवं हिला?"

"येईल. वेळेवर आणलीस."

मालन तोंडाला पदर लावून रडली.

"बाई," नलवडे हळूच म्हणाले, "एवढा फुगलेला पडदा... मला मघाशी का दिसला नाही?"

रंजीनं बॅटरी पुन्हा मागून घेतली होती. ती नलवड्यांकडे टक लावून बघत होती.

"खाली बस," बाई म्हणाल्या. "तिला तुझा कान बघायचाय."