उभं वल्हं

समुद्राकाठच्या एका गावात एक मच्छीमार आणि त्याची बायको राहत होती. गावातले सगळे त्याला धाकू म्हणत. गावापुढे डोंगराने दोन्ही हात पसरून समुद्राचा एक तुकडा कुशीत घेतला होता. त्याला गावकरी ‘आतलं पाणी’ म्हणत, आणि डोंगराच्या पलीकडे होता तो ‘बाहेरचा समुद्र’.

बाहेरच्या समुद्रात सुरमई मिळे. पण सुरमई काही फुकट येत नाही, तिला गळाला ताजी तारली लागते, आणि तीही धड, अंगावरचे खवले न गेलेली. जाळ्यात चेपलेल्या तारलीकडे सुरमई ढुंकूनही बघत नाही. म्हणून गावातली माणसं आधी आतल्या पाण्यात तारली धरत, तीसुद्धा हाताने. एका दोरीला ओळीने बारीक गळ बांधायचे, प्रत्येक गळाला कोंबड्याचं पांढरं पीस लावायचं, दोरी पाण्यात सोडायची आणि मनगटाने हलके झटके देत ती वर-खाली नाचवत राहायची. तारलीला वाटतं, काहीतरी चिमुकलं पळतंय. ती झडप घालते आणि अडकते. थवा खाली असला तर दोरी अशी भरून येते, जशी पताकांची माळ.

पण थवा रोज एका जागी थोडाच असतो? म्हणून गावाची एक रीत होती. ज्याची दोरी पहिल्यांदा भरून येईल त्याने होडीत उभं राहायचं आणि वल्हं आभाळाकडे सरळ उभं धरायचं. उभं वल्हं म्हणजे, इकडे या. कोणी धरलंय, कशाला धरलंय, हे विचारायचं नाही. दिसलं की जायचं.

धाकूला ही रीत अलीकडे बोचायला लागली होती. त्याची होडी लहान आणि जुनी. तिच्या एका अंगाला तोल सांभाळायला ओंडका बांधलेला होता, त्याला उलांडी म्हणतात. त्या उलांडीच्या दोऱ्याही जुन्याच. धाकूला थवा बरोबर सापडायचा, तो इमानाने वल्हं उभं करायचा, सगळे यायचे, टोपल्या भरायचे, आणि मोठ्या शिडांच्या होड्या सरसर पुढे निघून जायच्या. धाकू बाहेर पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असायच्या.

“आपण शोधायचं आणि सुरमई त्या शेजाऱ्याच्या घरी शिजायची!” तो बायकोला म्हणायचा.

“अहो, परवा त्यांनीच वाटीभर कालवण पाठवलं होतं की.”

“वाटीभर!” धाकू म्हणायचा आणि कुशीवर वळायचा.

एके दिवशी सकाळी थवा कुठेच लागेना. साऱ्या होड्या आतल्या पाण्यात पांगल्या होत्या, सगळ्यांची मनगटं झटके देऊन दुखायला आली होती. धाकू आणि त्याची बायको एका मोठ्या खडकाच्या आड गेली. धाकूने दोरी सोडली, दोन झटके दिले, आणि दोरीने त्याचा हात खाली ओढला. वर काढली तर एकही गळ रिकामा नाही! पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

बायको हसली. “लागल्या बाई एकदाच्या! अहो, वल्हं उभं करा.”

धाकूने खडकाकडे पाहिलं. पलीकडून कोणालाच ते दिसत नव्हते. फक्त वल्हं उभं केलं असतं तर त्याचं टोक खडकाच्या वर दिसलं असतं.

“आज नाही,” तो हळूच म्हणाला.

“अहो, पण...”

“हळू बोल! पाण्यावरून आवाज जातो. एक दिवस, अगं. एकच दिवस आपण पहिले जाऊ.”

बायकोने वल्ह्याकडे अशी नजर टाकली, की धाकूला ते वल्हं पायाखाली सरकवून ठेवावं लागलं.

त्यांनी दोन मोठ्या टोपल्या शिगोशीग भरल्या. टोपल्या भरल्यावर धाकूने होडीच्या तळातही तारल्या ओतल्या. हात थांबेना. इतक्या तारल्या त्याला आठवडाभरातही लागल्या नसत्या, पण सोडवत नव्हतं. होडी पाण्यात चांगलीच खाली बसली.

बाहेरच्या समुद्राच्या तोंडाशी एक म्हातारा मच्छीमार एकटाच त्याच्या इवल्याशा होडीत बसलेला असायचा. त्याचे हात कापत. “मला झटके द्यायला लागतच नाहीत,” तो सगळ्यांना सांगायचा, “देवाने सोय करून ठेवलीय!” त्या दिवशी त्याची दोरीही रिकामीच होती.

“काय रे धाकू, लागल्या का?” त्याने हाक मारली.

धाकू समुद्राकडे बघत राहिला. बायकोने मात्र ओंजळ भरली, होडी जवळून जाताना म्हाताऱ्याच्या टोपलीत रिकामी केली, आणि म्हणाली, “घ्या आजोबा. आम्हाला पुष्कळ झाल्या.”

“अगं, कशाला?” थोडं पुढे गेल्यावर धाकू पुटपुटला.

“ओंजळभर दिल्या. तेवढ्याने तुमची सुरमई रुसणार नाही.”

“त्याचा काय उपयोग? तो कुठे बाहेर येतोय आता!”

बाहेर समुद्र मोकळा होता. जमिनीवरून येणारा सकाळचा मतलई वारा पाठीशी होता. धाकू सगळ्यात चांगल्या जागी गेला, ऐटीत शीड उतरवलं आणि गळ टाकला. थोड्याच वेळात सुरमई लागली. काय सुरमई होती! हाताएवढी नाही, पायाएवढी. धाकू उठून तिला ओढायला लागला, तेवढ्यात एक आडवी लाट आली. भरलेली होडी तिच्यावर चढलीच नाही, जडपणे कलंडली, आणि उलांडीच्या जुन्या दोऱ्या तटातट तुटल्या. ओंडका एका टोकाला लोंबकळायला लागला. होडीत पाणी शिरलं.

सुरमई गेली. गळही गेला.

“या बाजूला या!” बायको ओरडली. ती उंच अंगाच्या काठावर बसून तोल धरत होती. “टोपली ओता समुद्रात! ओता म्हणते ना!”

धाकूने एक टोपली ओतली. तारल्या चकाकत पाण्यात पसरल्या. होडी जराशी सावरली, पण शीड चढवायची सोय राहिली नव्हती, वल्हवायला गेलं की ती कलत होती, आणि मघाशी आवडलेला तो वारा त्यांना किनाऱ्यापासून लांब लांब नेत होता.

धाकूने वल्हं उचललं आणि सरळ उभं धरलं.

मग त्याने चारी बाजूंना पाहिलं. या वेळी इथे रोज शिडंच शिडं असत. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. आज एक नव्हतं. कसं असेल? आमिषच नाही तर बाहेर कोण येईल? सगळे तिकडे आत, रिकाम्या दोऱ्या नाचवत बसले होते.

“मीच त्यांना आत ठेवून आलो,” तो म्हणाला.

बायकोने करवंटीने पाणी उपसता उपसता मान वर केली. तिच्या जिभेवर पुष्कळ काही होतं. पण ती एवढंच म्हणाली, “वल्हं खाली घेऊ नका.”

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग लाटेच्या वर एक इवलंसं, ठिगळ लावलेलं शीड दिसलं. दिसलं, बुडालं, पुन्हा दिसलं.

तो म्हातारा होता! ओंजळभर तारल्या मिळाल्या म्हणून तो बाहेर पडला होता.

पण त्याची होडी त्यांना ओढून नेणार कशी? म्हाताऱ्याने ते लांबूनच ओळखलं. तो आपल्या होडीत धडपडत उभा राहिला आणि त्याने आपलं वल्हं उभं केलं. कापत होतं, तरी उभं होतं. ते आतल्या पाण्याच्या तोंडाशी असलेल्या एकाला दिसलं. त्याने आपलं वल्हं उभं केलं. ते पाहून तिसऱ्याने. आणि मग डोंगराच्या फटीतून एकामागून एक शिडं बाहेर यायला लागली. धाकूची बायको करवंटी टाकून रडायलाच लागली.

मोठ्या होडीचा शेजारी सगळ्यात आधी पोचला. त्याने दोर फेकला, दोन्ही होड्या घट्ट बांधल्या, आणि मग त्याची नजर धाकूच्या होडीत गेली. एक भरलेली टोपली. तळात घोट्यापर्यंत तारल्या. सगळं समजायला त्याला वेळ लागला नाही. बाकीच्यांनाही लागला नाही.

धाकूची मान खाली गेली. “मी वल्हं उभं केलं नाही,” तो म्हणाला. “सकाळीच लागल्या होत्या.”

शेजाऱ्याने स्वतःच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग तारल्यांकडे. “गाढवा,” तो म्हणाला, “होडीने तरी एवढा लोभ कसा सोसायचा?”

“भाऊजी, मी सांगितलं होतं हो यांना,” बायको डोळे पुसत म्हणाली.

“ते न सांगताही कळतंय, वैनी!” आणि शेजारी मोठ्याने हसला. मग सगळेच हसले. धाकूला आधी कळेना हसावं की काय करावं. मग त्याच्या छातीतलं काहीतरी मोठं ओझं उतरलं आणि तोही हसला.

त्याने टोपली उचलली आणि प्रत्येक होडीत तारल्या वाटल्या. तळातल्याही दिल्या. म्हाताऱ्याला देताना तो वाकून नमस्कार करायला गेला, तर म्हातारा म्हणाला, “मला कशाला? ओंजळ ज्यांची, नमस्कार त्यांना.” धाकूच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

उलांडी पुन्हा बांधायला चार घरांतून नव्या दोऱ्या आल्या. त्या रात्री शेजाऱ्याकडून कालवणही आलं. या वेळी वाटी नव्हती, तपेलं होतं.

होडी दुरुस्त झाल्यावर पहिल्याच सकाळी धाकू खडकामागे गेला आणि दोरी सोडायच्या आधीच वल्हं उभं करून उभा राहिला.

“अहो,” बायको म्हणाली, “अजून एकही लागली नाही!”

“असू दे,” धाकू म्हणाला. “ते येईपर्यंत लागतील.”

तात्पर्य: ज्यांना मागे ठेवून आपण पुढे जातो, अडचणीच्या वेळी तीच माणसं आपल्यापासून लांब राहिलेली असतात, म्हणून पुढे जायचं तर सोबतीने जावं.