झिपरूला काय हवं होतं

रानात कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या, टोळ्या माजल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. झिपरू नावाच्या आईवेगळ्या अस्वलाच्या पिल्लाला शेकरूबाई झाडावर चढायला शिकवत होत्या. शेंड्यावर रोज मध ठेवत, पण झिपरू बुंध्याशीच बसून राही.

"अस्वल असून मध नको? आळशी आहे मेला," वानरं म्हणाली.

बाईंच्या मनात आलं, याला काय हवंय ते आपण कधी पाहिलंच नाही. त्यांनी मध, मोहाची फुलं, जांभळं त्याच्यापुढे मांडली आणि नुसत्या बघत बसल्या. झिपरूनं कशालाच तोंड लावलं नाही. तो सरकत सरकत आला आणि बाईंच्या झुपकेदार शेपटीत नाक खुपसून बसला.

दुसऱ्या दिवसापासून शेंड्यावर मधाऐवजी बाईच बसू लागल्या.

कोळसुंदे आले, तेव्हा झिपरू शेंड्यावर बाईंची शेपटी पांघरून घोरत होता.