हसुरामनं गंज काढला

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा ट्रक ड्रायव्हर होता. नाव हसुराम. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा थांब" म्हटलं, की "आता चल" म्हणेपर्यंत थांबायचा. एकदा एक जण चल म्हणायला विसरला. हसुराम दोन दिवस चिंचेखाली उभा. तिसऱ्या दिवशी बायकोनं शोधून काढला.

ट्रक त्याचा नव्हता. थोरल्या बहिणीचा, यमुनाआक्काचा. तिची चूल त्या ट्रकवरच पेटायची. पण मिठागरातलं मीठ वाहून वाहून ट्रकचा खालचा सांगाडा, म्हणजे चासी, गंजत चालली होती. मागच्या पासिंगला आरटीओच्या साहेबांनी दम दिला होता, "पुढच्या वेळी एवढा गंज दिसला तर गाडी रस्त्यावर येणार नाही." आणि पुढची वेळ येत्या शुक्रवारी होती.

आक्कानं भावाला गॅरेजवाल्या गफूरचाचांपुढे उभं केलं.

"चाचा, याला काय ते नीट सांगा."

चाचा म्हणाले, "बेटा, मीठ लोखंडाला खातं. गाडीत मीठ भरलं, की गाडी गोड्या पाण्यानं धुवायची. खळखळून."

"बरं चाचा," हसुराम म्हणाला.

बरं म्हणाला, की तो करायचाच. तीच तर पंचाईत.

सोमवारी त्यानं गाडीत सुटं मीठ भरलं. भरल्याबरोबर विहिरीवर गेला, पंप लावला आणि गाडी धुतली. वरून धुतली, खालून धुतली, आतून तर फारच धुतली. व्यापाऱ्याच्या दारात फाळका उघडला, तर आत चार पाट्या चिखल.

"मीठ कुठाय रे?"

"लोखंडाला खात होतं. घालवलं."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, आधी माल उतरवायचा! गाडी रिकामी झाली, की मग पाणी!"

"बरं चाचा."

मंगळवारी विटांची खेप होती. शाळेची भिंत बांधायची होती. अर्ध्या वाटेत इंजिन तापलं, रेडिएटरला तांब्याभर पाणी हवं होतं. पाणी म्हटल्यावर हसुरामला चाचा आठवले. त्यानं तीन हजार विटा उतरवल्या. एकट्यानं. रस्त्याच्या कडेला छान रचल्या. मग तांब्याभर पाणी ओतलं आणि रिकामी गाडी घेऊन शाळेत गेला.

चाचा ओरडले, "उतरवल्यास त्या परत चढवल्या का नाहीस?"

"चाचा, उतरव म्हणालात. चढव कुठं म्हणालात?"

चाचांनी हिशेब केला. आता शुक्रवारला दोनच दिवस. "तू मालच वाहू नकोस. गाडी दारात लाव आणि हातोडी घे. ठोकून बघ. खणखणीत वाजलं तर माल चांगला. बद्द वाजलं तर आतून सडलंय समज. ते काढून बाजूला टाक."

"बरं चाचा."

बुधवारी हसुरामनं सगळी गाडी ठोकली. सहाच्या सहा टायर बद्द वाजले. काढून टाकले. ड्रायव्हरची गादी बद्द वाजली. तीही गेली. शेवटी त्यानं स्वतःचं डोकं ठोकून पाहिलं. ते खणखणीत वाजलं. म्हणून तेवढं ठेवलं.

आक्का अंगणात आली तर गाडी दगडांवर बसलेली. "मेल्या, टायरला गंज चढतो होय? परवा पासिंग आहे! गाडी गेली तर काय खायचं रे आपण? हातोडी?"

चाचा स्वतः आले. टायर चढवून दिले. मग हसुरामचा हात धरून चासीवर ठेवला. "नीट ऐक. फक्त या लोखंडावर हात फिरव. गुळगुळीत लागलं तर सोडून दे. खडबडीत लागलं की घास. गुळगुळीत होईपर्यंत घास. लगेच प्रायमर लाव, वर काळा रंग. वारासुद्धा लागता कामा नये."

"बरं चाचा."

गुरुवारी हसुराम सकाळी गाडीखाली शिरला तो दिवे लागल्यावर बाहेर आला. खवले काढले, ग्रायंडर फिरवला, लाल प्रायमर मारला, वर काळ्या रंगाचे दोन हात. त्या दिवशी त्यानं एकही चूक केली नाही. जसं सांगितलं, तसंच केलं. चाचांनी बॅटरी मारून पाहिलं आणि पाठ थोपटली. आक्कानं शिरा केला.

शुक्रवारी साहेब वाकले, चासीखाली डोकावले आणि म्हणाले, "वा! अशी चासी नव्या गाडीचीसुद्धा नसते."

आक्कानं देवाला हात जोडले.

साहेबांनी खिशातून कागद आणि शिसपेन्सिल काढली. उजव्या चाकाशी बसले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बोटानं चाचपलं.

"चासी नंबर कुठाय?"

"कसला नंबर?" हसुरामनं विचारलं.

"कारखान्यात लोखंडात ठोकून देतात तो. सतरा अक्षरं असतात. त्यावरूनच गाडी ओळखायची."

हसुरामचा चेहरा फुलला. "ते होय साहेब! अहो, सगळ्यात चिवट गंज तिथंच होता. सतरा ठिकाणी. एकेक मोजून घासला."

आक्का मटकन खाली बसली. साहेबांनी फाईल मिटली.

"बाई, नंबर नाही म्हणजे कागदावर ही गाडीच नाही."

आक्कानं पदर डोळ्याला लावला. हसुराम तिच्याशेजारी बसला आणि तिची समजूत घालू लागला.

"रडतेस काय आक्का? साहेब काय म्हणाले ऐकलंस ना? आता गाडीच नाही. मग गंजणार काय?"